एक बॉम्ब, पाच आवृत्त्या

एकच सिनेमा चारदा विकत घेणाऱ्या माणसाबद्दल दोन मतं असतात. घरच्यांचं मत असं, की याला कुणीतरी आवरायला हवं. त्याचं स्वतःचं मत असं, की चौथ्या प्रतीत नायिकेच्या कोटाचा रंग पहिल्यांदाच बरोबर उतरला आहे. सिनेमातला खुनी कोण हे या माणसाला व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातच कळलेलं असतं. डीव्हीडी आली तेव्हा त्याने खुनामागची भिंत पाहिली, ब्ल्यू-रे आली तेव्हा भिंतीवरची ओल पाहिली, आणि आता फोर-के आल्यावर ती ओल मूळ फिल्मवर होती की कुणा उत्साही तंत्रज्ञाची कारागिरी आहे, या चौकशीत तो गढलेला असतो. रहस्य कळलं की रहस्यपट संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या मंडळींचा तपास तिथून पुढे सुरू होतो. पडद्याच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या किती जाड, नायकाच्या बुटांचा आवाज १९५८चा की १९९६चा, काळोख खरोखर काळा आहे की धुतलेल्या छत्रीसारखा करडा, हे त्यांचे प्रश्न. ऐकणाऱ्याला हसू येणं साहजिक आहे आणि त्यांनीही ते मनावर घेऊ नये. पण हसून झाल्यावर मूळ प्रश्न शिल्लक राहतोच, की एवढ्या सगळ्या प्रतींमधला सिनेमा नेमका कुठला? डब्यावर छापलेलं उत्तर नेहमी एकच असतं: हाच, मूळचा, संपूर्ण, दिग्दर्शकाच्या मनात होता तसा. माझं म्हणणं इतकंच आहे, की जुन्या रहस्यपटाच्या डब्यावर असा दावा दिसला की तो पेरलेला पुरावा समजावा आणि साक्षीदार तपासायला घ्यावेत.

ही कोर्टकचेरीची भाषा मी ज्या सिनेमाकडून उसनी घेतली आहे, तो सिनेमा या खटल्यातला मुख्य आरोपीही आहे. ऑर्सन वेल्सचा १९५८ सालचा ‘टच ऑफ ईव्हिल’. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवरच्या एका बकाल गावात गाडीच्या डिकीत बॉम्ब फुटतो, एक धनाढ्य ठेकेदार आणि त्याच्याबरोबरची नर्तकी मरते. तपासाला येतो हँक क्विनलन नावाचा अवाढव्य, लंगडा अमेरिकन पोलीस अधिकारी. ही भूमिका वेल्सने स्वतः केली आहे, आणि त्यासाठी मुळातच भरभक्कम असलेल्या देहावर आणखी भर घातली आहे. क्विनलनचा दुखरा पाय त्याला गुन्हेगार कोण ते सांगतो. एकदा पायाने सांगितलं की पुरावा शोधत बसण्यापेक्षा तो ठेवून मोकळं होणं त्याला सोयीचं वाटतं. म्हणून सांचेझ या चपलांच्या दुकानातल्या तरुण विक्रेत्याच्या न्हाणीघरातल्या खोक्यात डायनामाइटच्या दोन कांड्या सापडतात. पंचाईत अशी, की मेक्सिकन अधिकारी व्हर्गास याने ते खोकं थोड्याच वेळापूर्वी चुकून पाडलेलं असतं आणि ते रिकामं होतं. व्हर्गास झाला आहे चार्लटन हेस्टन. त्याला मेक्सिकन करण्यासाठी चेहरा सावळा केला, मिशी लावली. हा दोष सुधारणं कुठल्याही पुनर्स्थापनेला जमलेलं नाही. चित्र जितकं स्वच्छ होत जातं, तितका हेस्टन अधिकाधिक अमेरिकन दिसत जातो.

आता या सिनेमाचं स्वतःचं काय झालं ते पाहू. चित्रीकरण आटोपलं, संकलन रेंगाळलं, वेल्स ‘डॉन किहोते’चं काम काढून मेक्सिकोला निघून गेला, आणि युनिव्हर्सल स्टुडिओने सिनेमा त्याच्या हातून काढून घेतला. गोष्ट लोकांना कळत नाही या सबबीखाली हॅरी केलर या दुसऱ्याच दिग्दर्शकाकडून काही जोडदृश्यं चित्रित करून घेतली. डिसेंबर १९५७मध्ये वेल्सला स्टुडिओने जोडलेली प्रत एकदा दाखवण्यात आली. त्या एका प्रदर्शनावरून त्याने ५८ पानांचं टिपण लिहिलं. सिनेमाच्या इतिहासातला हा बहुधा सर्वांत सभ्य शिमगा असावा. बोंब मारण्याचा पूर्ण हक्क असताना हा माणूस विनंत्या करतो, स्टुडिओच्या काही सूचना मान्य करतो, केलरच्या दृश्यातही काय सुधारता येईल ते सांगतो, आणि शेवटी आपल्या रचनेला संमती द्यावी अशी कळकळीची याचना करून थांबतो. स्टुडिओने त्यातलं थोडं ऐकलं, बरंच बाजूला ठेवलं, आणि दीड तासापेक्षा जेमतेम मोठी प्रत १९५८मध्ये जोडखेळातला दुय्यम सिनेमा म्हणून लावून टाकली. त्या खेळातला मुख्य सिनेमा होता ‘द फीमेल ॲनिमल’, आणि त्याचा दिग्दर्शक होता हॅरी केलर. नियतीला विनोदबुद्धी नाही असं म्हणणाऱ्यांनी हा जोडखेळ लक्षात ठेवावा.

तर १९५८ची ही प्रत मूळ म्हणायची का? लोकांनी तिकीट काढून तीच पाहिली, त्या अर्थी म्हणायला हरकत नव्हती. पण १९७६च्या सुमाराला युनिव्हर्सलच्या कोठारात १०८ मिनिटांची दुसरीच प्रत निघाली. जास्त मिनिटं म्हणजे जास्त खरं, या भाबड्या समीकरणावर ती आधी चित्रपटगृहांत आणि मग व्हिडिओवर आली, ‘संपूर्ण, अखंड, पुनर्स्थापित’ अशा थाटात. वस्तुतः ती स्टुडिओने प्रदर्शनाआधी चाचणी म्हणून प्रेक्षकांना दाखवलेली प्रत होती. तीत वेल्सची दृश्यं जास्त आहेत हे खरं, पण केलरचीही जास्त आहेत. म्हणजे ‘संपूर्ण’ हा शब्द अक्षरशः खरा होता, घुसखोरासकट संपूर्ण. ती कॅसेट घरी नेऊन पाहणाऱ्या कितीतरी चोखंदळ रसिकांनी केलरच्या दृश्यातही वेल्सची प्रतिभा पाहिली असणार. डब्यावर पावती असली की डोळे फार सहकार्य करतात. पुढे १९९२मध्ये त्या ५८ पानी टिपणाचा बराचसा भाग ‘फिल्म क्वार्टर्ली’त छापून आला, तो निर्माता रिक श्मिडलिनच्या वाचनात आला, आणि १९९८मध्ये वॉल्टर मर्च या नामांकित संकलकाने टिपण समोर ठेवून सुमारे पन्नास बदल करत १११ मिनिटांची तिसरी प्रत तयार केली. कान महोत्सवात तिचा पहिला खेळ ठरला होता. वेल्सच्या मुलीने, आपल्याला कुणी विचारलं नाही म्हणून, कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि ऐन वेळी तो रद्द झाला. सन २०००च्या डीव्हीडीवर ही एकच प्रत होती, टिपणाच्या मजकुरासह. सन २००८च्या दोन डीव्हीडींच्या संचात तिन्ही प्रती एकत्र आल्या.

या तिन्हींतला फरक किती खोल जातो ते पहिल्या साडेतीन मिनिटांतच कळतं. सिनेमाची सुरुवात जगप्रसिद्ध आहे. कुणाचे तरी हात बॉम्बची वेळ लावतात, तो डिकीत ठेवतात, गाडी निघते, आणि क्रेनवरचा कॅमेरा एकही काप न घेता छपरांवरून, गल्ल्यांतून, गाढवांमधून, हातगाड्यांमधून, चालत निघालेल्या व्हर्गास नवराबायकोच्या आगेमागे होत, सीमेवरच्या चौकीपर्यंत जातो. स्टुडिओच्या प्रतीत या सगळ्यावर श्रेयनामावली आहे आणि खाली हेन्री मॅन्सिनीचं बोंगो घुमवणारं संगीत. डिकीत बॉम्ब टिकटिकतोय आणि प्रेक्षक वाचतोय, की कपडे कुणाचे आणि रंगभूषा कुणाची. वेल्सला हे नको होतं. त्याचं म्हणणं, अक्षरं शेवटी टाका, संगीत काढा, आणि गाडी ज्या ज्या दारूच्या गुत्त्यासमोरून जाईल त्या गुत्त्याचं गाणं तेवढ्यापुरतं बाहेर सांडू द्या. गाडीतला रेडिओ जवळ आला की मोठा, लांब गेला की बारीक. मर्चने तसं केलं. परिणाम असा होतो, की गाडी दिसत नसली तरी कान तिला शोधत राहतात. रेडिओ पुन्हा ऐकू आला की पोटात गोळा येतो, म्हणजे बॉम्बही आला. इथे माझं मत मर्चच्या बाजूने पडतं, पण बिनविरोध नाही. मॅन्सिनीची ती धून अव्वल आहे, चाळीस वर्षं लोकांनी या दृश्यासह ती ऐकली, आणि पुढच्या कितीतरी गुप्तहेरपटांना तालाचं वळण तशाच संगीताने लावलं. ज्यांना ती हवी आहे त्यांना अडाणी म्हणण्याचं कारण नाही. त्यांना हवा असलेला सिनेमाही अस्तित्वात होता, आणि मर्चचा सिनेमा तर १९९८पर्यंत अस्तित्वातच नव्हता.

हा आक्षेप गंभीर आहे. दिग्दर्शक १९८५मध्ये वारला, त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी कुणी त्याच्या पत्रावरून सिनेमा जोडला, आणि त्याला वेल्सची दृष्टी म्हणून विकलं. मग मर्च आणि क्विनलन यांच्यात फरक काय? दोघांनाही उत्तर आधी ठाऊक आहे, दोघेही त्या उत्तराला साजेसा पुरावा योग्य जागी ठेवून देतात. मला हा आरोप अर्धा मान्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी सिनेमाची गोष्टच कामाला येते. शेवटी कळतं, की सांचेझने गुन्हा कबूल केला आहे. क्विनलनच्या पायाने बरोबर सांगितलं होतं! पुरावा खोटा, निष्कर्ष खरा. या दुष्ट कलाटणीमुळेच तर सिनेमा इतका चिकटून राहतो. मर्चच्या बाबतीतही निष्कर्ष खरा वाटतो, आणि तो फार लहान बदलांमधून खरा वाटतो. क्विनलनचा निष्ठावंत सहकारी मेन्झीस आपल्या देवाच्या विरोधात उभा राहतो, त्या प्रसंगात त्याचा एक क्लोज-अप होता. वेल्सने तो काढायला सांगितलं होतं. तो चेहरा असताना मेन्झीस पिचलेला, दबून कबूल झालेला माणूस वाटतो. चेहरा काढल्यावर तो स्वतःच्या विवेकाने उठलेला माणूस वाटतो. काही सेकंदांचा तुकडा काढला आणि एका पात्राचा कणा सरळ झाला. पण क्विनलन आणि मर्च यांच्यातला फरक निष्कर्षात नाहीच. क्विनलनने खोकं भरलं आणि ते भरलेलंच होतं असं सांगितलं. मर्चने काय काढलं, काय हलवलं, कुठल्या पानावरून केलं ते उघड सांगितलं, आणि पान जोडून दिलं. लबाडी झालीच असेल तर ती डब्याच्या मुखपृष्ठावर झाली, आणि मुखपृष्ठं संकलक लिहीत नाहीत.

या गोष्टीची आपल्याकडच्या वाचकाला नवलाई वाटायचं कारण नाही. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते १९६६मध्ये पुरं झालं. बाराशेहून अधिक हस्तलिखितं, १९ खंड. डॉ. वि. सी. सुकथनकरांनी घालून दिलेली शिस्त अशी, की वर स्वीकारलेला पाठ, खाली नाकारलेले सगळे पाठभेद, मागे परिशिष्टं, आणि स्वीकारलेल्या पाठातही जिथे खात्री नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय ही घराघरांत ठाऊक असलेली कथा त्या आवृत्तीत परिशिष्टात गेली. पुण्यात राहून गणपतीला परिशिष्टात बसवण्याचं धैर्य ज्यांनी दाखवलं, त्यांच्यापुढे मॅन्सिनीचे बोंगो काढणं म्हणजे काहीच नाही. पण त्यांनी गणपतीला घराबाहेर घालवलं नाही, आणि हीच व्यासाची मूळ संहिता असा दावाही केला नाही; हाती असलेल्या पोथ्यांवरून जितकं मागे जाता येतं तितकं गेलो, असं म्हटलं. सिनेमाच्या चकत्या विकणाऱ्यांकडून माझी मागणी याहून फार नाही. वेल्सच्या हनुवटीखाली नागमोडी रेघ मारा असं कुणी म्हणत नाही, पण डब्याच्या आत कुठेतरी ती असावी.

आता काळ्या पट्ट्यांकडे वळू, कारण तुलनाकारांची खरी हमरीतुमरी तिथेच होते. पन्नाशीच्या दशकात टीव्हीला तोंड देण्यासाठी हॉलिवूडने पडदा रुंद केला. पण बऱ्याचदा कॅमेऱ्यात फिल्म पूर्वीसारखीच, जवळजवळ चौकोनी चौकटीत उमटायची आणि प्रक्षेपकात झडप लावून तिचा वरचा आणि खालचा भाग झाकला जायचा. म्हणजे एकाच फिल्मवर दोन चित्रं: १.३७ प्रमाणाचं उंच आणि १.८५ प्रमाणाचं रुंद. सिनेमागृहात रुंद दिसलं, टीव्हीवर उंच. उंचवाल्यांचा पक्ष सांगतो, की वेल्स खालून वर पाहणारा दिग्दर्शक, छत हे त्याचं पात्र, छत छाटलं तर काय उरलं? रुंदवाल्यांचा पक्ष सांगतो, की १९५७मध्ये युनिव्हर्सल रुंद पडद्यासाठीच सिनेमे करत होती, झडप लागणार हे छायाचित्रकार रसेल मेटीला पक्कं ठाऊक होतं, तेव्हा वरचं ते छत म्हणजे कापडाची माया आहे, शर्ट नव्हे. मला दुसरा पक्ष पुराव्यात वरचढ वाटतो आणि पहिला डोळ्यांना. सन २०११मध्ये ब्रिटनच्या युरेका कंपनीने आपल्या मास्टर्स ऑफ सिनेमा मालिकेत हा वाद मोठ्या खुबीने मिटवला, म्हणजे ग्राहकाच्या गळ्यात घातला. चित्रगृहातली प्रत उंच आणि रुंद, मर्चची प्रत उंच आणि रुंद, चाचणीची प्रत फक्त रुंद. अशा एका सिनेमाच्या पाच आवृत्त्या एका डब्यात. सगळ्या सलग पाहायच्या तर साडेआठ तासांहून जास्त वेळ लागतो आणि बॉम्ब पाचदा फुटतो. पाचव्यांदा तो फुटेपर्यंत ठेकेदाराबद्दल सहानुभूती उरत नाही. तरीही माझ्या लेखी हा सर्वांत प्रामाणिक डबा आहे, कारण त्याने एकाही प्रतीला एकटीने सिंहासनावर बसू दिलं नाही.

यावर कुणी म्हणेल, की वेल्स मेला म्हणून हा घोळ. दिग्दर्शक हयात असेल तर त्यालाच विचारावं. विचारलं होतं. विल्यम फ्रीडकिनचा ‘द फ्रेंच कनेक्शन’ हा १९७१चा पोलीसपट न्यूयॉर्कच्या हिवाळ्याइतकाच खरबरीत आणि मळकट आहे. सन २००९च्या ब्ल्यू-रेसाठी फ्रीडकिनने स्वतः बसून रंग नव्याने लावले: कृष्णधवल प्रतिमेवर रंगाचा धूसर थर, जॉन ह्यूस्टनच्या ‘मोबी डिक’पासून स्फूर्ती घेऊन. न्यूयॉर्कचं आकाश जांभळट झालं, रंग जागा सोडून पाझरायला लागले, आणि छायाचित्रकार ओवेन रॉइझमन जाहीरपणे संतापला. ज्याने प्रत्येक दिवा लावला त्याला कुणी विचारलंच नव्हतं. अडतीस वर्षांनी दिग्दर्शकाला वाटलेलं खरं, की चित्रीकरणाच्या थंडीत छायाचित्रकाराने टिपलेलं? सन २०१२मध्ये दोघांनी एकत्र बसून नवी प्रत केली आणि जांभळं आकाश निकालात निघालं. तीन वर्षं मोठ्या निष्ठेने ‘दिग्दर्शकाचा शब्द अखेरचा’ म्हणत जांभळ्या रंगाचं समर्थन करणाऱ्यांना मात्र कुणी कळवलं नाही, की दिग्दर्शकाचा अखेरचा शब्द बदलला आहे. कलावंताचा हेतू ही काही लोखंडी पेटीत ठेवलेली वस्तू नाही; तो वयाबरोबर हलतो, आणि त्याच्याशेजारी इतरांचेही हेतू उभे असतात.

कधी कधी तर हेतू हजर असतो आणि वस्तूच हरवलेली असते. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ची १९९६ची पुनर्स्थापना रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी केली, आणि चित्राच्या बाबतीत ती थोर कामगिरी आहे. आवाजाचं दुखणं वेगळं होतं. बर्नार्ड हर्मनचं संगीत स्टिरिओत सापडलं, पण पावलं, दारं, गोळ्या हे सगळं एकाच मोनो पट्टीत कालवलेलं. संगीत मोकळं पसरवायचं तर बाकीचे आवाज नव्याने करणं भाग पडलं, आणि ते हिचकॉकच्या टिपणांच्या आधाराने केले गेले. मग तक्रारी सुरू झाल्या: जेम्स स्ट्युअर्टची पावलं फार स्पष्ट वाजतात, छपरावरच्या पाठलागातल्या गोळ्या दुसऱ्याच दशकातल्या वाटतात. यावर सहज हसता येतं, की अप्सरेमागे वेड्यासारखा फिरणारा नायक समोर असताना याचं लक्ष बुटांकडे. पण ‘व्हर्टिगो’ हा एका बाईला दुसऱ्या बाईसारखं हुबेहूब घडवू पाहणाऱ्या माणसाचा सिनेमा आहे: तोच सूट, तोच केसांचा रंग, तोच अंबाडा, आणि तरी काहीतरी राहिलंच. तो पाहणाऱ्याने बुटांच्या आवाजावरून हट्ट धरला तर त्याने सिनेमा नीट पाहिला असंच म्हणायला हवं. पुढच्या काही आवृत्त्यांनी जुना मोनो आवाजही पर्याय म्हणून दिला, आणि भांडण रिमोटच्या एका बटणावर आलं. सन २०२०च्या फोर-के संचात ‘सायको’चे १९६०नंतर कापले गेलेले काही सेकंद परत आले, ते मात्र फारसं न भांडता सर्वांनी स्वीकारले, सुऱ्याचे दोनचार वार जास्त मिळाले तर रसिक हिशेब मागत नाहीत.

राहता राहिला तो पैशाचा आक्षेप: हा सगळा कंपन्यांचा धंदा, तोच माल नव्या खोक्यात. खरं आहे. पण धंद्याचा इलाज खरेदी थांबवणं हा नसून डोळे उघडे ठेवून खरेदी करणं हा आहे, आणि ज्यांना आपण वेडे म्हणतो तेच हे काम सर्वांच्या वतीने फुकट करतात. कुठल्या प्रतीत संगणकाने फिल्मचा दाणा पुसून माणसांची तोंडं मेणाची केली, हे त्यांनी आरडाओरडा केल्यावाचून कुठल्या कंपनीने आपणहून सांगितलं असतं? सामान्य प्रेक्षकाला फरक कळत नाही हाही अर्धवट मुद्दा आहे. आपल्याकडच्या प्रेक्षकाने फार सोसलं आहे. भाड्याच्या कॅसेटवर खून होत असताना पडद्याच्या तळाशी जाहिरातीची पट्टी सरकत जायची. व्हीसीडीच्या काळात मध्यंतर कुठे व्हायचं ते दिग्दर्शक नाही, तबकडीची क्षमता ठरवायची. सवय झाली म्हणून फरक नव्हता असं होत नाही. ‘शोले’त ठाकूर गब्बरला मारतो की पोलीस वेळेवर पोचतात, हा फरक आणीबाणीतल्या सेन्सॉरला बरोबर कळला होता, आणि मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जपलेली प्रत २०२५मध्ये बोलोन्याला मूळ शेवटासह दाखवली गेली तेव्हा प्रेक्षकांनाही कळला. आणि ज्यांना वाटतं की आता सगळं स्ट्रीमिंगवर आहे, खोकी कशाला हवीत, त्यांच्यासाठी पुन्हा ‘द फ्रेंच कनेक्शन’: २०२३मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगच्या प्रतीतून नायकाच्या तोंडी वंशद्वेषी शिवी असलेला छोटा तुकडा गुपचूप नाहीसा झाला. तो नाहीसा झाला हे कळलं, कारण कपाटात जुन्या चकत्या होत्या. हवेतून येणाऱ्या प्रतीचं खोकं कुणी कधी भरलं, कधी रिकामं केलं, हे सांगायला तिथे व्हर्गास नसतो.

एवढं वाचून कुणाला ‘टच ऑफ ईव्हिल’ पहिल्यांदाच पाहायचा असेल तर मर्चची १११ मिनिटांची प्रत, रुंद चौकटीत, आणि आवाज जरा मोठा ठेवून, असं मी सुचवेन. आवडला तर मग मॅन्सिनीसाठी १९५८ची. चाचणीची प्रत फक्त व्यसन जडल्यावर. केलरने केलेलं काहीच नको, निव्वळ वेल्स हवा, असा हट्ट असेल तर मात्र बाजारातला कुठलाही डबा उपयोगाचा नाही. कथेचे सांधे जुळवायला त्याचे काही तुकडे मर्चनेही ठेवले आहेत. वेल्सने स्वतःच्या टिपणात त्यातले काही चालवून घेतले होते, आणि त्यांच्या जागी घालायला दुसरं काही शिल्लकही नव्हतं. तीन प्रती, पाच आवृत्त्या, चाळीस वर्षांचं संशोधन आणि ५८ पानांचं टिपण एवढ्या सगळ्यातून हॅरी केलर सुखरूप बाहेर आला आहे, आणि श्रेयनामावली सुरुवातीला असो की शेवटी, त्याचं नाव तीत नाही.